वळसा कोणाला? : शहापूर-मुरबाडच्या वाटा आणि मालगाडी

जर्मन भाषेत रेल्वेच्या एका विशिष्ट मार्गाला 'ग्युटरउमगेहुंग्सबान' असे लांबलचक नाव आहे. शब्द फोडून पाहिला तर अर्थ सरळ आहे : 'ग्युटर' म्हणजे माल, 'उमगेहुंग' म्हणजे भोवतालून जाणे आणि 'बान' म्हणजे लोहमार्ग. हानोफर, हाम्बुर्ग, म्युन्स्टर अशा शहरांभोवती असे छोटे मार्ग आहेत. शहराच्या मध्यवर्ती स्थानकात प्रवासी गाड्यांची गर्दी वाढली, तेव्हा मालगाड्यांनी तिथे शिरूच नये म्हणून काही किलोमीटरांची एक बाहेरची वाट काढून दिली गेली. प्रवाशांना त्या वाटेची सहसा कल्पनाही नसते. गंमत अशी की 'उमगेहुंग' हा शब्द जर्मन भाषेत कायद्यातून पळवाट काढण्यासाठीही वापरतात. आपल्याकडे 'बगल देणे' हा वाक्प्रचार वाटेसाठी आणि प्रश्नासाठी सारख्याच सहजतेने वापरला जातो, तसेच हे.

मराठीत याला 'वळसा' म्हणता येईल. सरकारी मराठीने 'बाह्यवळण' हा शब्द रूढ केला आहे. तो अचूक आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. 'बाह्य' कशाच्या बाहेर? अर्थात शहराच्या. जिथून ते वळण जाते तिथे राहणाऱ्याच्या दृष्टीने ते बाह्य नसते, ते त्याच्या शेतातून किंवा गावकुसाशेजारून जात असते. प्रस्तुत लेखात या शब्दाकडे शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे. या दोन तालुक्यांचा इतिहास राजवटींच्या अंगाने लिहिता येतो, तसाच तो मालाच्या वाटांच्या अंगानेही लिहिता येतो. तो तसा लिहिला तर माल कोणाला वळसा घालून गेला आणि कोणाच्या अंगणातून न थांबता गेला, हाच त्यातला मुख्य प्रश्न ठरतो.

हानोफरच्या वळशाशी जवळचे नाते सांगणारा आपल्याकडचा मार्ग म्हणजे दिवा-वसई. मुंबईत येणारे दोन मोठे लोहमार्ग दोन वेगळ्या कंपन्यांनी बांधले. ईशान्येकडून आणि आग्नेयेकडून कल्याणला येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, आणि उत्तरेकडून, गुजरातेतून वसईमार्गे येणारा बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा. कल्याण आणि वसई यांच्यात अंतर फार नाही, पण मध्ये उल्हास नदी, खाडी, मिठागरे आणि भिवंडीकडची भातशेती. त्यामुळे हे दोन मार्ग एकमेकांना भेटत ते थेट मुंबई बेटावर, दादरच्या परिसरात. बाहेरचा दुसरा जोड होता तो दूर खानदेशात, सुरतेहून तापीच्या खोऱ्याने जळगावकडे येणाऱ्या मार्गाचा. म्हणजे गुजरातेतून पुण्याकडे जाणाऱ्या वाघिणीपुढे दोनच पर्याय होते : मुंबईच्या गर्दीत शिरणे, नाहीतर खानदेशाचा फेरा घेणे.

मालाचे गणित बंदरावर अवलंबून होते, आणि बंदर शहराच्या पोटात होते. १९१५ साली मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतंत्र रेल्वे सुरू झाली, ती वडाळ्याच्या बाजूने बॅलार्ड पियरपर्यंतच्या गोद्यांना जोडणारी. शहरातला माल प्रवाशांच्या वाटेतून बाजूला काढण्याचा तो एक प्रयत्न होता. पण तो माल शेवटी शहरातच येत होता. पुढे शहराची लोकसंख्या वाढली, उपनगरी गाड्या वाढल्या आणि मालाला शहराबाहेर काढण्याची निकड निर्माण झाली. १९६० च्या दशकात दिवा-पनवेल मार्ग झाला, १९८० च्या दशकात दिवा-वसई जोड तयार झाला, आणि १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. ही तीन कामे एकमेकांशेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते. उत्तरेचा माल आता मुंबईचे तोंडही न पाहता वसईहून भिवंडीमार्गे दिव्याला, तिथून पनवेलला आणि समुद्रावर जाऊ शकत होता. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर हाच वळसा गुजरात आणि दक्षिण किनारा यांच्यातला दुवा ठरला. बंदरापासून दादरीपर्यंतच्या सुमारे दीड हजार किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालवाहू मार्गाची आखणी झाली तीही याच पट्ट्यातून.

शहापूरच्या माणसाला हा मार्ग अनोळखी नाही, जरी त्याचे नाव तो क्वचितच घेत असेल. कसारा किंवा आसनगावची लोकल धरून मुंबईकडे निघाले की डोंबिवलीनंतर कोपर येते. तिथे आपली गाडी खालून जाते आणि दिवा-वसईचा मार्ग वरून. कोपरला दोन पातळ्यांवर फलाट आहेत. खाली माणसांची वाट, वर मुख्यतः मालाची. वर एखादी मालगाडी चालली असली तर डबे मोजता मोजता आपण पुढे निघून गेलेले असतो. या छेदबिंदूपाशी आपला प्रश्न नेमका उभा राहतो, पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागेल.

मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावापाशी नाणेघाटाची पायवाट सुरू होते. वर पोचले की जुन्नरचे पठार. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. नागनिका राणीशी तो जोडला जातो आणि त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची मोजदाद आहे. भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखातील संख्याचिन्हांना महत्त्वाचे स्थान आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तो प्राकृतासाठी ठाऊक असतो. पण हा लेख कुठे कोरला गेला, याकडे आपले लक्ष कमी जाते. तो राजधानीत नाही, तो मालाच्या वाटेवर आहे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी लोकांची समजूत आहे. ती खरी असो वा नसो, लोकांनी या जागेचा अर्थ नेमका ओळखला आहे. इथून बैलांच्या पाठीवर माल खाली उतरत होता, मुरबाडच्या मुलखातून कल्याणच्या बंदराला जात होता, आणि सत्तेला आपली उदारता या वाटेवर कोरून ठेवावीशी वाटत होती.

तथापि या भरभराटीच्या काळातही वळसा होताच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. त्याचा लेखक सांगतो की पूर्वी हे रीतसर व्यापाराचे ठिकाण होते, पण सत्ता बदलल्यानंतर तिथला व्यापार अडवला गेला आणि तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. शक आणि सातवाहन यांच्यातील संघर्षाची ही छाया असावी, असे इतिहासकार मानतात. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांमधून दूरच्या भडोचला जात असल्याचे याच ग्रंथात आहे. म्हणजे जवळचा घाट आणि जवळचे बंदर सोडून माल शेकडो कोस फिरून जात होता. जमिनीची रचना बदललेली नव्हती, घाट होता तिथेच होता. बदलला होता तो हुकूम. मालाच्या वाटा भूगोल ठरवतो असे आपण शाळेत शिकतो. कल्लिएनाची गोष्ट सांगते की भूगोल फक्त शक्यता देतो, त्यांतली कोणती वापरायची हे दुसरेच कोणी ठरवते.

अठराशे वर्षांनंतर हाच प्रश्न मुरबाडच्या वाट्याला पुन्हा आला, आणि या वेळी तो लोखंडी रुळांच्या रूपाने आला. मुंबईतून सह्याद्री ओलांडणारी रेल्वे काढण्याचा विचार १८४० च्या दशकात सुरू झाला, तेव्हा आरंभीच्या योजनांमध्ये घाट चढण्याची जागा म्हणून माळशेजचे नाव होते. नाणेघाटाच्या शेजारचा हा घाट मुरबाड तालुक्यातूनच चढतो. जॉर्ज क्लार्क आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचे प्रवर्तक जॉन चॅपमन यांच्या काळात हा मार्ग विचाराधीन होता. पुढे कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून आलेल्या जेम्स बर्कली यांनी घाटांची तपशीलवार पाहणी केली आणि एका माळशेजऐवजी दोन घाट पक्के झाले : पुण्याकडे जाण्यासाठी बोरघाट आणि नाशिक-खानदेशाकडे जाण्यासाठी थळघाट.

या निर्णयात अभियांत्रिकीची कारणे होती यात शंका नाही. माळशेजचे कडे ज्यांनी पावसाळ्यात पाहिले आहेत त्यांना ती समजावून सांगायला नकोत. पण आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बोरघाटात १८३० पासून गाडीरस्ता होता आणि थळघाटातून आग्र्याकडचा रस्ता जात होता. रेल्वेने ज्या दोन वाटा निवडल्या त्या आधीच चाकांच्या वाटा होत्या. नाणेघाट आणि माळशेज या बैलांच्या आणि पायांच्या वाटा राहिल्या होत्या. वाटेच्या बाबतीत ज्याच्याकडे आधी काही आहे त्यालाच पुढचे मिळते, असे दिसते. मुरबाडला कोणी नाकारले नाही. नाकारण्यासाठी आधी दखल घ्यावी लागते. मुरबाड नकाशावर दोन निवडलेल्या रेषांच्या मधला कोरा भाग झाला.

शहापूरच्या वाट्याला वरवर पाहता भाग्य आले. कल्याणहून वाशिंदपर्यंतचा मार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी सुरू झाला, वाशिंद ते आसनगाव ६ फेब्रुवारी १८६० रोजी, आसनगाव ते कसारा १ जानेवारी १८६१ रोजी, आणि घाटातला कसारा-इगतपुरी टप्पा १ जानेवारी १८६५ रोजी. या तारखा रेल्वेच्या इतिहासात एकापाठोपाठ एक यशाच्या म्हणून सांगितल्या जातात. त्या जरा वेगळ्या रीतीने वाचून पाहाव्यात. १८५५ च्या ऑक्टोबरपासून १८६४ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, मुंबईहून ईशान्येकडे जाणाऱ्या रुळांचे टोक आजच्या शहापूर तालुक्यात होते. आधी वाशिंदला, मग आसनगावला, मग कसाऱ्याला. घाटातले रूळ पुरे होईपर्यंत वरचा माल गाड्यांवर आणि बैलांवर घाट उतरूनच या टोकाशी येणार होता. त्यातली शेवटची वर्षे अमेरिकेतील यादवी युद्धाची, म्हणजे मुंबईच्या कापूसतेजीची. रेल्वेचे टोक जिथे असते तिथे माल एका वाहनातून दुसऱ्यात चढवावा लागतो. त्यासाठी हमाल, गाडीवान, पेंढा, पाणी, भाकरी आणि रात्रीचा निवारा लागतो. माल थांबतो म्हणून पैसा थोडा वेळ थांबतो.

१ जानेवारी १८६५ नंतर ही गरज संपली. सुमारे १५ किलोमीटरचा, ३७ फुटांना एक फूट अशा तीव्र चढाचा घाट बोगदे आणि पूल बांधून पार झाला. त्या बांधकामात राबलेल्या मजुरांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. खानदेश-वऱ्हाडचा कापूस आता शहापूरला न थांबता खाली जाऊ लागला. मोठ्या वजनाच्या गाडीला कसाऱ्याला जादा इंजिने जोडावी लागतात, तेवढा थांबा उरला. शहापूर गाव तर रुळांपासून दोन-तीन किलोमीटर दूरच राहिले, त्याचे स्थानक आसनगाव. तेव्हा मुरबाडला वळसा पडला आणि शहापूरला वाट मिळाली, हे विधान अर्धेच खरे आहे. एका तालुक्याला माल भोवतालून गेला आणि दुसऱ्याला मधून गेला. थांबला मात्र कुठेच नाही.

इथे वळशाचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक वाटते. शहराला घातलेला वळसा हा शहराच्या समृद्धीचा परिणाम असतो. तिथे माणसे, गाड्या, जमिनीची किंमत हे सारे इतके वाढलेले असते की मालाने बाजूने जावे यातच शहराचे हित असते. वळसा घालूनही त्या मालाचा नफा शहरातच मोजला जातो, कारण पेढ्या, विमा कंपन्या आणि कार्यालये तिथे असतात. गावाला पडलेला वळसा याच्या उलट असतो. तिथे मालाबरोबर त्याचा नफाही निघून जातो. एकच शब्द दोन्हींना वापरल्यामुळे आपल्या लक्षात हा भेद येत नाही. दिवा-वसईमुळे मुंबई मोकळी झाली. नाणेघाट सुटल्यामुळे मुरबाड रिकामे झाले.

मग शहराच्या वळशाखाली जी गावे येतात त्यांचे काय? दिवा-वसई मार्गावर जुचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी अशी स्थानके आहेत. मार्ग झाला तो मालासाठी. गावांनी रोज मालगाड्या जाताना पाहिल्या, पण त्यांत बसायला जागा नव्हती. प्रवासी गाडी या मार्गावर आली ती १९९० च्या दशकात, आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांच्या तुलनेत तिच्या फेऱ्या आजही मोजक्याच आहेत. शहराची सोय म्हणून आखलेल्या रेषेवर आपलीही सोय व्हावी, असे या गावांना मागावे लागले. दुसरीकडे, वळशाच्या कडेला माल थांबू लागला तेव्हा भिवंडीच्या परिसरात गोदामांची रांगच्या रांग उभी राहिली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर ती आणखी वाढली. शेती गेलेल्या आणि पावसाळ्यानंतर हाताला काम नसलेल्या आसपासच्या तालुक्यांतील तरुणांना तिथे काम मिळते, हे खरे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी वैशाखऱ्याच्या वाटेने गोण्या वाहिल्या जात होत्या, आज भिवंडीत खोकी वाहिली जातात. माल बदलला, त्यावरचे पत्ते बदलले. पाठीवरचे ओझे बदललेले नाही.

शहापूरला आता आणखी एक वाट मिळाली आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो आणि कसारा घाटाला सुमारे पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्याने वळसा घालतो. घाटालाच वळसा! १८६५ साली ज्या घाटाने शहापूरचे टोकपण संपवले, त्या घाटालाही आता बगल मिळाली आहे. मुरबाडमध्ये मात्र कल्याणहून रेल्वे यावी ही मागणी कित्येक दशके चालू आहे. पाहण्या होतात, घोषणा होतात, निवडणुका होतात. तालुक्यात अजून रेल्वेस्थानक नाही. मुरबाडचा विद्यार्थी एस.टी.ने कल्याणला उतरतो आणि तिथून त्याची रेल्वे सुरू होते. चॅपमनच्या काळातील कागदावरची रेघ खरी झाली असती, तर देशातल्या अगदी पहिल्या रेल्वेस्थानकांपैकी एखादे त्याच्या तालुक्यात असते.

या भागात न थांबता जाणारा आणखी एक माल आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. जलवाहिन्यांच्या मार्गाने चालत गेले तर या मालाचाही आवाज ऐकू येतो. त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, ही बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत येते आणि पावसाळ्यात विसरली जाते. मालगाडी आणि जलवाहिनी यांत फरक एवढाच, की मालगाडीत काय भरले आहे हे बाहेरून कळत नाही. जलवाहिनीत काय आहे हे पाड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते.

या साऱ्याचा साहित्याशी संबंध काय, असा प्रश्न या पानावरील वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मला तो संबंध असा दिसतो. रेल्वे मराठी लेखनात फार लवकर आली. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले, त्यात आगगाडी आहे. माडगावकर मुंबईकडे एक अभिमानी नागरिक म्हणून पाहत होते आणि आगगाडी हे त्या शहराचे वैभव होते. पुस्तक छापून आले तेव्हा रुळांचे टोक कसाऱ्याला होते. मुंबईच्या वर्णनात कसाऱ्याची बाजू असण्याचे कारण नाही, हे मान्य. पण तिथून पुढे आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि कवितांत रेल्वे आली ती बहुतांशी प्रवाशाच्या खिडकीतून. गावाहून मुंबईला येणारा, चाळीतून गावी जाणारा, लोकलमध्ये लोंबकळणारा असा प्रवासी आपल्याला भेटतो. फलाटावर ताटकळणाराही भेटतो. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी' या १९७६ च्या इंग्रजी कवितासंग्रहाच्या शेवटी येते ते रेल्वेस्थानकच. मालगाडी मात्र आपल्या लेखनात अडथळा म्हणून येते. ती पुढे गेल्यावर आपली गाडी सुटते, आणि गोष्ट पुढे सरकते.

मालगाडीला खिडकी नसते, म्हणून तिच्यातून बाहेरचे दृश्य दिसत नाही, आणि म्हणून कदाचित तिचे साहित्य होत नाही. परंतु शहापूर-मुरबाडसारख्या प्रदेशांचा आधुनिक इतिहास प्रवाशापेक्षा मालानेच अधिक घडवला आहे. कापूस, भात, लाकूड, पाणी आणि आता गोदामातली खोकी. ग्रामीण साहित्याची चर्चा आपण बोली, जात, शेती आणि स्थलांतर या अंगांनी केली, ती आवश्यकच होती. तिच्यात मालाची वाट हा धागा आला तर गावाला 'दुर्गम' म्हणण्याची आपली सवय तपासावी लागेल. मुरबाड दुर्गम नव्हते, ते मार्गावर होते. मार्ग हलवला गेला आणि मग आपण त्याला दुर्गम म्हणू लागलो. हा शब्द भूगोलाचा वाटतो, पण त्यात एक निर्णय साठवलेला आहे, आणि तो निर्णय कोणी, कधी, कोणासाठी घेतला हे शोधून काढणे इतिहासाच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाला अशक्य नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक साधा अभ्यास सुचवावासा वाटतो. आपापल्या गावाच्या जुन्या माणसांना विचारावे की बाजाराचा माल पूर्वी कोणत्या वाटेने यायचा, बैल कुठे थांबायचे, आणि ती वाट कधी व कशामुळे मोडली. उत्तरे तारखांत मिळणार नाहीत, ती एखाद्या विहिरीच्या, धर्मशाळेच्या किंवा वडाच्या खुणेने मिळतील. त्या खुणा नकाशावर मांडल्या की वळशाची दुसरी बाजू हळूहळू दिसू लागते. हानोफरच्या किंवा मुंबईच्या वळशाचा इतिहास रेल्वेच्या दप्तरात सुरक्षित आहे. वैशाखऱ्याच्या वाटेचा तसा नाही, आणि ती सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.